पाच महिने, सव्वीस लेख, रोजचे दहा वाचक: आता काय करायचं?

एका ताईंचा प्रश्न आहे: ‘मी राजारामपुरीत राहते, शाळेत शिकवते. पाच महिन्यांपूर्वी ब्लॉगरवर मराठी ब्लॉग सुरू केला. कोल्हापूर आणि आसपासची देवळं, खाणं, सण यांवर सव्वीस लेख झाले. रोज आठ-दहा जण वाचतात, त्यातले निम्मे घरचेच. नवा लेख झाला की चाळीसेक व्हॉट्सॲप ग्रुपना पाठवते, फेसबुकवर टाकते. तरी वाचक वाढत नाहीत. मराठी वाचणारेच उरले नाहीत, की माझंच काही चुकतंय?’

ताई, तुमचे सव्वीसही लेख वाचून झाल्यावरच लिहायला बसलोय. तुम्हाला लिहिता येतं, हे आधी सांगतो, कारण वाचक आले नाहीत की पहिली शंका आपण स्वतःवरच घेतो. आणि मराठी वाचणाऱ्यांचं म्हणाल, तर २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. त्यातले शे-दोनशे रोज तुमच्याकडे यावेत, ही काही अवाजवी अपेक्षा नाही. ते येत नाहीत कारण त्यांचा प्रश्न आणि तुमचा लेख यांची गाठच पडत नाही. मी चौदा वर्षं ब्लॉग लिहितोय आणि बऱ्याच जणांचे ब्लॉग उभे करायला मदत केलीय. नव्या ब्लॉगचं घोडं बहुतेक वेळा इथंच अडतं.

माझंही तिथंच अडलं होतं. पहिल्या वर्षी मी शंभरावर लेख लिहिले. पाऊस, राजकारण, प्रवास, मनात येईल ते. वाचक तुमच्याएवढेच. मग एका डिसेंबरात करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर रात्रभर थांबलो. चुलवाणात चिपाडं सारणारा माणूस, काहिलीशी उभा असलेला गुळव्या, रसाला उकळी फुटल्यावर त्यात ओतलेलं रानभेंडीचं चिकट पाणी, त्या चिकाला धरून वर येणारी काळपट मळी, ती झाऱ्यानं काढत राहणं, मग पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी होते का ते बघणं, हे सगळं लिहिलं. लेखाला नाव दिलं ‘गुऱ्हाळावरची एक रात्र’. दोन महिने कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मग एके दिवशी, लोक गुगलवर काय शोधताना माझा लेख त्यांच्यासमोर येतो ते पाहिलं. ‘गूळ करताना भेंडी का घालतात’. हा प्रश्न घेऊन माणसं येत होती, माझा लेख त्यांना यादीत खाली कुठंतरी दिसत होता, आणि ‘गुऱ्हाळावरची एक रात्र’ हे नाव वाचून ती पुढं जात होती. उत्तर माझ्याकडं होतं, पण सातव्या परिच्छेदात. मी शीर्षकात भेंडी आणली, उत्तर दुसऱ्या परिच्छेदात आणलं, बाकी रात्र होती तशी ठेवली. आज इतक्या वर्षांनीही ऊसतोड सुरू झाली की त्या लेखाला वाचक येतात. कुणी शेतकी कॉलेजचा विद्यार्थी असतो, तर कुणी पुण्यात नोकरी करणारा गुऱ्हाळवाल्याचा मुलगा. आणि भेंडीसाठी आलेला माणूस ती रात्रही वाचून जातो.

आता तुमचा खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरावरचा लेख घ्या. माझ्या मते तो तुमचा सगळ्यात चांगला लेख आहे. नाव आहे ‘पाषाणातली कविता’. मधोमध छत उघडं असलेल्या स्वर्गमंडपात उभं राहून वर आभाळाचा गोल बघायचा आणि पायाखाली रंगशिलेवर पडलेलं तसंच गोल ऊन बघायचं, हे तुम्ही लिहिलंय ते वाचताना मी क्षणभर तिथं गेलो. पण तिथवर पोचायला मला तुमच्या लहानपणाच्या पावसाचे तीन परिच्छेद ओलांडावे लागले. जो माणूस रविवारी सासूबाईंना घेऊन नरसोबाच्या वाडीला निघालाय आणि पुढं खिद्रापूर करावं का असा विचार करतोय, तो तेवढा थांबणार नाही. त्याला विचारायचंय: वाडीहून वाट कशी, कुरुंदवाडवरून जायचं का? वेळ किती लागेल? वयस्कर माणसाला पायऱ्या झेपतील का? तिथं जेवायची सोय आहे का? आणि मंदिरात गेल्यावर हमखास पडणारा प्रश्न: महादेवाच्या समोर नंदी का नाही?

नंदीचं उत्तर तुमच्या लेखात आहे. सती नंदीवर बसून दक्षाच्या यज्ञाला गेली ती कथा, तो नंदी यडूरला असल्याची समजूत, गाभाऱ्यात कोपेश्वराच्या जोडीला असलेला धोपेश्वर म्हणजे विष्णू, सगळं आहे. फक्त ते अकराव्या परिच्छेदात आहे आणि शीर्षकात त्याचा मागमूस नाही. नाव असं काही द्या: ‘खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर: समोर नंदी का नाही आणि वाडीहून कसं जायचं’. पहिल्या पाच-सहा ओळींत जाण्याची वाट आणि वेळ सांगा. मग नंदी. मग स्वर्गमंडप, तुमच्या शब्दांत, एकही ओळ न कापता. लहानपणाचा पाऊस शेवटी न्या. ज्याला लेख आवडला तो तिथवर येईलच.

तुम्हाला वाटेल, यात लेखनाचं लेखनपण जातं. मलाही तसंच वाटायचं. पण अनोळखी पाहुणा दारात आला की आपण आधी पाणी विचारतो, गप्पा मग मारतो. तेवढंच करायचंय.

खाण्याच्या लेखांत अडचण वेगळी आहे. तांबड्या रश्श्याच्या कृतीत तुम्ही लिहिलंय ‘अंदाजानं चटणी घालावी’. आपल्याकडं चटणी म्हणजे उन्हाळ्यात वर्षाची करून ठेवलेली कांदा-लसणाची तिखट चटणी, हे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. पण ही कृती शोधणारा माणूस कोल्हापुरातला नाहीच. तो ठाण्यात किंवा नाशकात आहे, त्याच्यासमोर अर्धा किलो मटण आहे, आणि ‘चटणी’ म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढं ओल्या नारळाची वाटी येते. त्याला सांगा की ही कांदा-लसूण चटणी, दुकानात ती ‘कांदा-लसूण मसाला’ म्हणून मिळते, आणि अर्ध्या किलोला किती चमचे ते मोजून सांगा. स्वयंपाक करताना एकदा चमच्यानं मोजा, वहीत लिहा. ‘अंदाजानं’ हा शब्द आईच्या तोंडी शोभतो कारण आपण तिच्या शेजारी उभे असतो. वाचक शेजारी नसतो.

साधी माहिती आता गुगल स्वतःच यादीच्या वर देऊन टाकतं, नाहीतर लोक एआयला विचारतात. म्हणून ‘कोल्हापुरातील दहा प्रेक्षणीय स्थळे’ असला लेख लिहूच नका, तुमचा असा एक आहे तो काढला तरी चालेल. जे तिथं उभं राहूनच कळतं तेच लिहा, आणि तुम्ही तर इथंच राहता.

आता पत्त्याचं. तुमच्या लेखांच्या लिंक मी पाहिल्या. सगळीकडं ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढं एखादा आकडा. शीर्षक देवनागरीत असलं की ब्लॉगरला त्यातून पत्ता करता येत नाही, म्हणून तो असा आंधळा पत्ता देतो. लेख प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडं पर्मालिंक म्हणून जागा असते, तिथं रोमन लिपीत दोन-तीन शब्द हातानं टाका: खिद्रापूर, कोपेश्वर, टेंपल, मध्ये आडव्या रेघा. वर्डप्रेसवर उलटा त्रास होतो. तिथं पत्ता देवनागरीतच बनतो आणि व्हॉट्सॲपवर पाठवला की एकेका अक्षराचे नऊ-नऊ चिन्हांचे तुकडे होऊन टक्क्यांची चार ओळींची माळ दिसते. असली लिंक बघून फसवणुकीच्या भीतीनं कुणी बोट लावत नाही. जुन्या सगळ्या लेखांचे पत्ते बदलत बसू नका. पहिल्या पाच चांगल्या लेखांचे बदला (लेख मसुद्यात परत घ्यावा लागतो) आणि सेटिंगमध्ये कस्टम रीडायरेक्ट आहे तिथं जुन्या पत्त्यावरून नव्याकडं वाट करून द्या, म्हणजे आधी पाठवलेल्या लिंक मरणार नाहीत.

नावांचंही तसंच आहे. एकाच गावाला आपण नृसिंहवाडी, नरसोबाची वाडी, नुसती वाडी असं म्हणतो. देवीला कुणी अंबाबाई म्हणतं, कुणी महालक्ष्मी. ‘कोल्हापूर’मधला पू दीर्घ, ‘कोल्हापुरी’तला ऱ्हस्व, आणि लिहिणारे निम्मे लोक ‘कोल्हापूरी’च लिहितात. शुद्धलेखन तुम्ही बिघडवायचं नाही, शिक्षिका आहात. पण लेखात एकदा ‘नृसिंहवाडी, म्हणजे आपली नरसोबाची वाडी’ असं सहज आलं तर दोन्ही नावांनी शोधणारा तुमच्यापर्यंत पोचतो. आणि बरेच जण मराठी प्रश्न रोमन लिपीतच टाइप करतात, त्यासाठी पत्त्यातले आणि फोटोच्या नावातले रोमन शब्द कामी येतात. तुमचे दोन लेख मात्र मजकुराचा फोटो काढून टाकलेले आहेत, बहुधा जुन्या फाँटमध्ये टाइप केले होते म्हणून. मजकूर फोटोत असला की शोधणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग होत नाही आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याला तर काहीच नाही. ते युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा. कंटाळवाणं काम आहे, पण करा.

यापुढचं मी जरा जास्त आग्रहानं सांगतोय. गुगल सर्च कन्सोल. फुकट आहे, आणि तुम्ही ते अजून जोडलेलं नाही. ब्लॉग त्यात जोडा, साइटमॅप (म्हणजे ब्लॉगवरच्या सगळ्या पानांची यादी) द्या, आणि मग पंधरा दिवस त्याकडं बघूही नका. त्यानंतर ‘परफॉर्मन्स’ उघडा. तिथं लोकांनी काय शोधलं ते दिसतं, तुमचा लेख किती वेळा समोर आला, किती जणांनी उघडला आणि यादीत तो सरासरी कितव्या जागी होता, हेही दिसतं. हे सगळं एकत्र वाचायचं. समजा ‘खिद्रापूर मंदिर नंदी’ या शोधात लेख दोनशे वेळा दिसला, जागा सहावी, आणि उघडला दोघांनीच. म्हणजे लेख गुगलला पटलाय, शीर्षक माणसाला पटलं नाही. शीर्षक आणि त्याखालचं दोन ओळींचं वर्णन बदला. समजा जागा अठरावी आहे. म्हणजे लेख विषयाला धरून आहे पण अपुरा आहे. तो प्रश्न विचारणाऱ्याला अजून काय हवं असेल ते लेखात भरा. आणि एखादा प्रश्न असा दिसेल की ज्यावर तुम्ही एक ओळच लिहिली होती, तरी लोक त्यावरून येतायत. तो तुमचा पुढचा लेख. विषय सुचत नाही म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हेच पान उघडायला सांगतो.

तिथंच ‘पेजेस’मध्ये काही लेख ‘सापडले पण अजून नोंदवले नाहीत’ अशा अर्थाच्या इंग्रजी शेऱ्याखाली दिसतील. घाबरू नका, नव्या ब्लॉगचं असं होतं, आठवडे लागतात. आपल्याच एका लेखातून दुसऱ्याकडं वाट ठेवली की हे लवकर सुटतं. खिद्रापूरच्या लेखात वाडीच्या लेखाची लिंक नाही, वाडीच्यात खिद्रापूरची नाही. शेजारची दोन गावं आणि मध्ये रस्ताच नाही, असं झालंय ते.

चाळीस ग्रुपना लिंक पाठवणं आजपासून बंद करा. मला माहीत आहे हे जड जाईल, कारण आपल्या हातात तेवढंच आहे असं वाटत असतं. पण ग्रुपात सकाळपासून शंभर निरोप आलेले असतात, त्यात ‘माझा नवा लेख, जरूर वाचा’ हे वाचणाऱ्यासाठी ओझंच असतं. त्याऐवजी जिथं कुणी काही विचारलंय तिथंच पाठवा, आणि लिंकच्या आधी दोन-तीन ओळींत खरं उपयोगाचं सांगून टाका. ‘रविवारी वाडीला जाताय तर कुरुंदवाडवरून पुढं खिद्रापूरही करा. दुपारी मंडपात ऊन वरून येतं तेव्हा बघण्यासारखं असतं. वाट आणि बाकीचं इथं लिहिलंय.’ लिंक न उघडताही त्या माणसाचं काम झालं पाहिजे. असा निरोप तो दुसऱ्याला पाठवतो.

ज्यांना खरंच प्रत्येक लेख हवा आहे त्यांच्यासाठी ब्रॉडकास्ट यादी करा. एका यादीत २५६ जण बसतात, आणि ज्यानं तुमचा नंबर फोनमध्ये साठवलाय त्यालाच निरोप पोचतो. म्हणून लेखाच्या शेवटी तसं स्पष्ट लिहा, आणि यासाठी वेगळा नंबर घ्या, घरचा देऊ नका. ब्लॉगवर तुम्ही ईमेलनं लेख मिळवण्याची जुनी चौकट लावलीय ती काढून टाका. ती फीडबर्नरवर चालायची आणि ती ईमेल सेवा २०२१ मध्ये बंद झाली. कुणी तिथं पत्ता भरून वाट बघत बसलं असेल तर वाईट वाटतं.

सणांचे लेख तुम्ही सणाच्या दिवशी टाकता. तोवर उशीर झालेला असतो. अंबाबाईचा किरणोत्सव बघा. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत येतात, आणि बाहेरगावचा माणूस त्यासाठी खूप आधी सुटी टाकतो, तिकीट काढतो, राहायची सोय बघतो. लेख निदान सहा आठवडे आधी हवा. जोतिबाच्या चैत्री यात्रेचा लेख होळीच्या आधी. आणि दरवर्षी नवा लेख लिहू नका. एकच लेख ठेवा, तारखा बदला, गेल्या वर्षी काय दिसलं त्याची भर घाला. जुना लेख दरवर्षी मुरत जातो.

पावसाळ्याचा एक लेख तुमच्याकडं नाही आणि तो हवा. जुलै आला की अख्खं कोल्हापूर एकच विचारतं, पाणी किती फुटावर? पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, एवढं ऐकून सगळ्यांना माहीत असतं. पण पातळी वाढत गेली की तुमच्या भागात पाणी आधी कुठं शिरतं, कुठला रस्ता बंद होतो, २०१९ च्या महापुरात तुमच्या ओळखीच्यांनी सामान कधी हलवलं, हे लिहिलेलं सापडत नाही. माणसांशी बोलून लिहा, जूनच्या आत. फक्त रोजची पातळी स्वतः लिहू नका, त्यासाठी जिल्हा प्रशासनाच्या आकड्यांकडं बोट दाखवा. शिळा आकडा लेखात राहिला आणि त्यावर विसंबून कुणी घरात थांबलं, असं व्हायला नको.

संगणकाबाहेरही वाचक आहेत. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालू आहे. तिथं जाऊन बसा, जुन्या पुस्तकांतून तुमच्या विषयाचं वाचा, नियमित येणाऱ्या ज्येष्ठांना तुमचा एखादा लेख छापून वाचायला द्या. ते तुमच्या चुका काढतील. त्या दुरुस्त करा आणि त्यांना परत दाखवा. मला सगळ्यात चांगले वाचक असेच मिळाले, आणि त्यांची पुण्या-मुंबईतली मुलं, सुना आपोआप आली. दुसरी गोष्ट मी भवानी मंडपाजवळच्या एका लॉजमध्ये करून पाहिली होती. ‘दर्शन झालं, अर्धा दिवस हातात आहे, काय बघाल?’ एवढंच छापलेला कागद आणि त्यावर क्यूआर कोड, काउंटरच्या बाजूला. मालकांनी आनंदानं लावू दिला, कारण गिऱ्हाईक रोज त्यांनाच तो प्रश्न विचारत होतं. छपाईचा खर्च चहाच्या बिलाएवढा.

मायबोलीसारख्या १९९६ पासून चालणाऱ्या मराठी संकेतस्थळावर लिहायचं तर तिथं पूर्ण लेख द्या, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्या. नुसती लिंक टाकून निघून जाणाऱ्याला तिथं कुणी बसायला सांगत नाही, आणि ते बरोबरच आहे.

बाकीचं थोडक्यात. पैसे देऊन ‘ट्रॅफिक’ घेऊ नका, ती माणसं नसतात. कीवर्डच्या टॅगमध्ये शंभर शब्द कोंबायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, तो टॅग आपण विचारात घेत नाही हे गुगलनं २००९ मध्येच सांगितलंय. विकिपीडियावर स्वतःच्या लिंक टाकू नका. फोटो फोनमधून जसेच्या तसे चढवू नका. मिसळीच्या लेखात चौदा फोटो आहेत, एसटीत बसून वाचणाऱ्याचा त्यातला तिसरा उघडेपर्यंत धीर सुटतो. बाराशे पिक्सेल रुंदी पुरे, चार फोटो पुरे. आठवड्याला एक लेख हा हट्टही सोडा. महिन्यात एक नवा आणि एक जुना दुरुस्त केलेला, एवढंच पुढचे सहा महिने करा.

या रविवारी वेळ मिळाला तर खिद्रापूरच्या लेखापासून सुरुवात करा. आणि शीर्षक बदलाल त्या दिवसाची तारीख वहीत लिहून ठेवा. सर्च कन्सोलमध्ये आधीचे अठ्ठावीस दिवस आणि नंतरचे अठ्ठावीस दिवस शेजारी ठेवून बघायला ती लागते. दोन महिन्यांनी ते आकडे मला कळवा, वाडीच्या लेखाचं मग बघू.